आधी तिथी, मग वाट: कोकणचा किनारा पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

कोकणात पहिल्यांदा निघालेला प्रवासी नकाशा उघडतो, गावांमधली अंतरे मोजतो आणि त्या हिशेबाने दिवस वाटून टाकतो. घाटमाथ्यावरचे किल्ले पाहायचे असतील तर ही रीत पुरेशी आहे, कारण तिथली वाट सकाळी जशी असते तशीच संध्याकाळीही असते. किनाऱ्यावर मात्र वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा उघडी पडते. ज्याने हा हिशेब आधी केला नाही, तो अलिबागच्या पुळणीवर उभा राहून समोरचा कुलाबा किल्ला नुसता लांबून पाहतो आणि दुसऱ्या गावाला निघून जातो. म्हणून या लेखातली पहिली सूचना अशी की राहण्याची जागा ठरवण्याच्या आधी पंचांग किंवा दिनदर्शिका हाती घ्यावी आणि तिथी पाहावी.

पहिली पायरी: ऋतू

मे महिन्याच्या अखेरीस किल्ल्यांकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या बंद होतात आणि पावसाळा ओसरल्यावर, साधारणपणे सप्टेंबरमध्ये, पुन्हा सुरू होतात. जंजिरा आणि सिंधुदुर्ग ज्यांना आतून पाहायचे आहेत त्यांनी हे महिने टाळावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, कारण समुद्र शांत असतो, हवा स्वच्छ असते आणि दुपारीही तटावरून चालता येते. एप्रिल-मेमध्ये काळ्या दगडाचा तट असा तापतो की सकाळी दहानंतर फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालवाटेवर, थांबणे नकोसे होते. तेव्हा जायचेच असेल तर दिवस उजाडताच बाहेर पडावे.

दुसरी पायरी: भरती-सुकतीचा हिशेब

किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा एक जुना आणि सोपा आडाखा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. यामागचे कारण असे की चंद्र रोज साधारण 50 मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तेवढीच पुढे सरकते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, येते.

आता यातली खरी मेख पाहू. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप वर चढते आणि खूप खाली उतरते. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हा चढउतार साडेतीन मीटरच्याही वर जातो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि तेव्हा हाच फरक दीड मीटरच्या आसपास येतो. नवख्या माणसाला वाटते की अष्टमीला भर दुपारी सुकती असते, तेव्हा तोच दिवस सोयीचा. पण भांगाच्या सुकतीला पाणी पुरेसे हटतच नाही आणि पायवाट ओलीच राहते. उलट ऐन अमावास्येला किंवा पौर्णिमेला पाणी दूरवर जाते खरे, पण सुकती पडते पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे हिवाळ्यात अंधारात. या दोहोंच्या मधला काळ पकडावा. द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस मला सर्वांत उपयोगाचे वाटतात, कारण उधाणाचा जोर तेव्हा टिकून असतो आणि पूर्ण सुकती सकाळी साडेसात ते सव्वानऊच्या दरम्यान येते.

हा आडाखा दिवस निवडण्यासाठी आहे. प्रत्यक्ष पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी त्या दिवसाचे भरतीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारावे. दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी लवकर येते आणि पाण्याचा चढउतारही कमी होत जातो. त्यामुळे अलिबागचे वेळापत्रक मालवणला वापरता येत नाही.

तिसरी पायरी: ठिकाणांची विभागणी

हिशेब समजला की पाहायच्या जागा तीन गटांत विभागाव्यात. सुकतीला पायी गाठायच्या जागा पहिल्या गटात. तिथे घड्याळ पाळावेच लागते. होडीने गाठायच्या जागा दुसऱ्या गटात. त्यांना शांत समुद्र, धक्क्याशी पुरेसे पाणी आणि इतर प्रवासी लागतात. जमिनीवरून केव्हाही जाता येते अशा जागा तिसऱ्या गटात येतात. दिवसाचा आराखडा पहिल्या गटापासून बांधावा, मग होडीची वेळ बसवावी आणि उरलेले तास तिसऱ्या गटाने भरावेत. या क्रमाने गेल्यास एकही तास किनाऱ्यावर वाट पाहण्यात जात नाही.

महाराष्ट्राचा किनारा सुमारे 720 किलोमीटरचा आहे, असे पूर्वीपासून सांगितले जाते. तो एका दमात पाहण्याचा हट्ट धरू नये. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड, वेगवान नद्या समुद्राला मिळताना खाड्या करतात, प्रत्येक खाडीच्या तोंडाशी एखादे जुने बंदर असते आणि त्या बंदरावर नजर ठेवणारा एखादा किल्ला. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि कोर्लई, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीवर दाभोळ आणि समोर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, मुचकुंदीवर पूर्णगड, वाघोटनच्या खाडीवर विजयदुर्ग. ही माळ एकदा ध्यानात आली की किल्ला तिथेच का बांधला, हे कुणी सांगावे लागत नाही. घाटावरून उतरणारा माल कोणत्या खाडीतून गलबतावर चढत होता, एवढे पाहिले की पुरते.

चौथी पायरी: पहिला प्रवास अलिबाग ते मुरूड

पहिल्यांदा जाणाऱ्याने अलिबाग ते मुरूड हा पन्नासएक किलोमीटरचा पट्टा निवडावा आणि त्याला तीन दिवस द्यावेत. वर सांगितलेले तिन्ही गट इथे जवळजवळ सापडतात. मुंबईहून गेटवेपासून मांडव्यापर्यंत लाँचने किंवा भाऊच्या धक्क्यावरून वाहनासह रो-रो बोटीने येता येते.

पहिल्या दिवशी सकाळी कुलाबा किल्ला. पूर्ण सुकतीच्या तासभर आधी पुळणीवरून चालायला लागावे आणि पाणी वळल्यावर, म्हणजे भरती सुरू झाल्यावर, तासाभरात परत किनारा गाठावा. ज्यांना ओल्या खडकांवरून चालणे जमत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, 1680 च्या सुमारास, या किल्ल्याचे काम सुरू झाले आणि पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे बनला. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून 1721 मध्ये यावर चढाई केली, पण ती फसली. आत शिरल्यावर बहुतेक जण थेट गणपतीच्या मंदिराकडे जातात. रघूजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधलेले ते गणेश पंचायतन सुंदरच आहे, आणि शेजारची गोड्या पाण्याची पुष्करणी पाहून चारही बाजूंच्या खाऱ्या पाण्याचा विसर पडतो. तरीही माझी विनंती आहे की आधी तट पाहावा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर विभागला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण दोन दिवसांनी पद्मदुर्गाजवळ तिचा दुसरा पाठ मिळणार आहे. उत्तरेला कुलाब्याला जोडूनच सर्जेकोट हा लहानसा कोट आहे. वेळ उरला तरच तिकडे वळावे. परतल्यावर अलिबाग गावातली कान्होजींची समाधी पाहावी. त्यांचा मृत्यू 1729 मध्ये झाला.

अलिबागच्या उत्तरेला थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही बेटे दिसतात. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये खांदेरीवर तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी या दोघांनीही तो होऊ नये म्हणून आरमार पाठवले. महाराजांच्या आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी काम चालू ठेवून लढा दिला आणि किल्ला उभा राहिला. मुंबईच्या तोंडाशी ही चौकी का हवी होती, ते थळच्या किनाऱ्यावरून पाहिले तरी कळते. बेटावर जाण्याची सोय नियमित नसते, म्हणून पहिल्या प्रवासात त्यावर विसंबू नये.

दुसरा दिवस जमिनीवरच्या जागांचा ठेवावा. रेवदंडा अलिबागहून सुमारे 17 किलोमीटरवर आहे आणि गावात शिरणारा रस्ताच पोर्तुगीज तटातून आत जातो. शेजारचे चौल हे पोर्तुगीजांच्या आधीही मोठे बंदर होते. रशियन व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात इथेच उतरला होता आणि त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चर्चचे उरलेले मनोरे आणि भिंती डोकावतात. वाड्या खाजगी आहेत, तेव्हा विचारूनच आत जावे. कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई. एका चिंचोळ्या डोंगराची सोंड समुद्रात घुसली आहे आणि तिच्या कण्यावर किल्ला लांबट पसरला आहे. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला खुला समुद्र. निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी तो 1594 मध्ये घेतला आणि 1740 मध्ये चौलसह तो मराठ्यांकडे आला. दीपगृहाच्या बाजूने चढ सोपा आहे. पायथ्याच्या कोर्लई गावातील काही कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली घरात बोलतात. पोर्तुगीज सत्ता इथून जाऊन पावणेतीनशे वर्षे झाली तरी त्यांची भाषा तटांइतकीच टिकून आहे, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

तिसरा दिवस जंजिऱ्याचा. मुरूडपासून पाचएक किलोमीटरवरच्या राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. शनिवार-रविवार टाळून सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एखादी पकडावी, कारण नंतर रांग वाढते आणि वाराही. होडीतून नजर तटावर ठेवावी: दरवाजा दिसत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडून तो एकाएकी समोर येतो. उतरताना होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते, म्हणून खलाशी सांगेल तेव्हाच पाऊल उचलावे आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. दरवाजाजवळ पंज्यांत हत्ती पकडलेल्या शार्दूलाचे शिल्प आहे. आत कलालबांगडी ही प्रसिद्ध तोफ, गोड्या पाण्याचे मोठे तलाव आणि पडक्या वाड्यांच्या भिंती आहेत. होडीवाले किल्ल्यात मोजकाच वेळ देतात, तेव्हा आधी तटावर चढून एक फेरी मारावी आणि मग आतल्या वास्तू पाहाव्यात. शिवाजी महाराजांना हा किल्ला घेता आला नाही. संभाजी महाराजांनी 1681-82 च्या मोहिमेत किनाऱ्यापासून समुद्रात भराव टाकून वाट करण्याचा प्रयत्न केला, तोही अपुरा राहिला. सिद्दींचे जंजिरा संस्थान थेट 1948 मध्ये भारतात विलीन झाले. राजपुरीहून परतताना खोकरी येथील सिद्दींचे घुमट जरूर पाहावेत. तिथे गर्दी नसते आणि दगडावरचे कोरीव काम निवांत न्याहाळता येते.

मुरूडच्या पुळणीवरून समोर जो कोट दिसतो तो पद्मदुर्ग, अर्थात कांसा. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधवून घेतला. तिथे जाणाऱ्या होड्या कमी असतात, म्हणून आदल्या संध्याकाळी स्थानिक होडीवाल्यांशी बोलून ठेवावे. सोय झाली तर तटाजवळ उभे राहून दगड आणि चुना नीट पाहावा. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने काळा दगड खाऊन टाकला आहे, पण दोन चिऱ्यांमधला चुना तसाच उभा आहे, त्यामुळे भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. कुलाब्याला चुना टाळून समुद्राला वाट दिली आणि इथे असा चुना वापरला की तो दगडापेक्षा जास्त टिकला. पन्नास किलोमीटरच्या अंतरात हे दोन मार्ग एकापाठोपाठ पाहायला मिळतात, म्हणूनच पहिल्या प्रवासासाठी मी हा पट्टा सुचवतो.

पाचवी पायरी: खाड्या ओलांडत दक्षिणेकडे

मुरूडच्या पुढे जायचे असेल तर मुंबई-गोवा महामार्गाकडे न वळता जंगल जेट्टीने खाड्या ओलांडाव्यात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेऱ्यांतून वाहनासह पलीकडे जाता येते आणि वळसा घालण्याचे कित्येक किलोमीटर वाचतात. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्यावी, कारण ती चुकली की रात्रीच्या घाटरस्त्याने जावे लागते.

या वाटेवर हरिहरेश्वर लागते आणि इथे सर्वाधिक सावध राहावे लागते. काळभैरवाच्या मंदिरामागून कातळाच्या फटीतून उतरणारा प्रदक्षिणा मार्ग समुद्राच्या कडेने फिरतो. लाटांनी कोरलेला कातळ पाहण्यासारखा आहे, पण ही वाट फक्त सुकतीची आहे. पाणी वळलेले असताना, उधाणाच्या दिवशी किंवा पावसाळ्यात तिथे उतरू नये. शांत दिसणाऱ्या समुद्रातूनही एखादी मोठी लाट अचानक येते आणि ओल्या कातळावर धरायला काही नसते. या जागी माणसे वाहून गेली आहेत. मंदिरातील पुजारी किंवा गावकरी नको म्हणाले, तर तो शब्द अखेरचा मानावा.

हर्णै येथे चार किल्ले एकमेकांच्या नजरेत आहेत: पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. सुवर्णदुर्गाला बंदरातून होडीने जावे लागते. उतरताना गुडघाभर पाण्यातून चालण्याची तयारी ठेवावी. दरवाजाच्या पायरीवर कासव आणि भिंतीवर मारुती कोरलेला आहे. तुळाजी आंग्रे यांच्याकडून इंग्रजांच्या कमोडोर जेम्स याने 1755 मध्ये हा किल्ला घेतला. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव भरतो. तो लोकांचा रोजचा व्यवहार आहे, हे ध्यानात ठेवून कडेला उभे राहून पाहावा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये इथे आल्यास जवळच्या आंजर्ले आणि वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहता येतात.

रत्नागिरीला एक दिवस पुरतो. रत्नदुर्ग आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाला नजरकैदेत ठेवले होते तो राजवाडा पाहून दुपारनंतर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, कातळशिल्पांकडे जावे; कलत्या उन्हात कोरलेल्या रेषा उठून दिसतात. शिल्पांवर पाय देऊ नये आणि फोटोसाठी रेषांत खडू किंवा पाणी भरू नये.

सहावी पायरी: विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग

हा पट्टा स्वतंत्र प्रवासासाठी राखून ठेवावा. विजयदुर्गाला रस्त्याने थेट दरवाजापर्यंत जाता येते, म्हणून मालवणकडे भरती-होडीची वेळ जुळत नसेल तो दिवस याला द्यावा. शिलाहारांच्या काळातील या किल्ल्याला शिवाजी महाराजांनी बळकटी दिली. एकामागे एक असे तीन तट आणि वळणाआड लपलेला दरवाजा पाहताना आपण शत्रू आहोत असे समजून चालावे. प्रत्येक वळणावर वरून मारा कसा होईल, ते आपोआप उमगते. इंग्रजांनी वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी 1756 मध्ये समुद्राकडून हल्ला केला, तेव्हा बंदरात नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. किल्ला पाहून झाला की खाडीकाठाने गिर्ये येथील कातळात खोदलेल्या गोदीकडे जावे. गलबते दुरुस्तीसाठी इथे भरतीच्या पाण्यावर आत घेत असत. किल्ला पाहणारे पुष्कळ असतात, गोदीपर्यंत फार थोडे जातात. पण आरमार म्हणजे काय, हे मला तटापेक्षा तिथे जास्त कळले.

सिंधुदुर्गाच्या बांधकामाला 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर आरंभ झाला. होडीत बसण्यापूर्वी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा पाहावा. बांधकामापूर्वीची पूजा याच खडकाजवळ झाली, असे सांगतात. नागमोडी तट सुमारे तीन किलोमीटर लांबीचा आहे आणि पायात शिसे ओतले आहे. आत शिवाजी महाराजांचे मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांची अंगणे ही पाहण्याची जागा नव्हे, आणि मंदिरात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत. होडीवाल्याने दिलेल्या वेळात संपूर्ण तट फिरून होत नाही, म्हणून निघतानाच जास्त वेळ मागून घ्यावा.

खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही किल्ले 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आले आहेत. तिथे गर्दी वाढते आहे, तेव्हा आपला कचरा आपल्याच पिशवीत किनाऱ्यावर परत आणावा.

पावसाळ्यातच सुटी मिळत असेल तर होड्यांचे किल्ले सोडून द्यावेत आणि विजयदुर्ग, रत्नदुर्ग, जयगड, कोर्लई असे जमिनीवरचे किल्ले घ्यावेत. उधाणाच्या भरतीची वेळ पाहून विजयदुर्गाच्या आतल्या तटावर उभे राहावे. बाहेरच्या खडकांवर उतरू नये, शेवाळलेल्या फांजीच्या कडेला जाऊ नये, आणि एक माणूस सोबत असावा. जंजिरा आणि पद्मदुर्ग मात्र तेव्हा मुरूडच्या किनाऱ्यावरूनच पाहावेत. सप्टेंबरमध्ये होड्या सुरू झाल्या की राजपुरीच्या धक्क्यावर चौकशी करून मग निघावे.